न दिसणारं रफू

३ फेब्रुवारी

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून तू तिकडे गाल फुगवून बसली असशील, तर बस. साठी उलटली तरी तुला ते शोभतं. मुलाला आणि सूनबाईला आशीर्वाद सांग. फोन का करत नाहीस म्हणून विचारतेस. तुझा मुलगा दोन वाक्यांनंतर तुझ्या हातातून फोन घेतो आणि मला तब्येतीला जपायला सांगतो, म्हणून करत नाही. पत्रात मध्येच कुणी तोंड घालत नाही.

आता खरी बातमी. माझा चष्मा सुटला.

हो, नीट वाचलंस. इतकी वर्षं नाकावर ठाण मांडून बसलेला चष्मा आता टेबलाच्या खणात पडलाय. थंडी सुरू झाली तेव्हा एकदा तो घरी विसरून दुकानात आले, आणि बघते तर सुईचं नेढं स्वच्छ दिसतंय. आधी वाटलं भास असेल. मग वर्तमानपत्रातल्या बारीक अक्षरांच्या जाहिराती वाचून पाहिल्या. खोली भाड्याने देणे आहे, जुनं शिलाई यंत्र विकणे आहे, सगळं धडाधड वाचलं. शेजारच्या घड्याळवाल्यांना बोलावून त्यांच्यासमोर सुई ओवून दाखवली. ते स्वतः दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसणारे, त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. ‘ताई, तुम्ही तर उलट्या दिशेने निघालात,’ म्हणाले. मी म्हटलं, जळायचं असेल तर तुमच्या दुकानात जाऊन जळा.

तेव्हा आता तुझ्या त्या रिकाम्या खोलीविषयी. हे गेले तेव्हा मी तुला शब्द दिला होता, की ज्या दिवशी सुई चालेनाशी होईल त्या दिवशी दुकानाला कुलूप लावून तुझ्याकडे राहायला येईन. दिलेला शब्द मी पाळीन. पण सुई चालते आहे, बारके. पळते आहे म्हटलं तरी चालेल. खोलीत तूर्तास सूनबाईला कपडे वाळत घालू दे.

तू मनाला लावून घेशील म्हणून सरळच सांगते. हे दुकान म्हणजे काय? एका दाराइतकी रुंदी, एक टेबल, एक दिवा, रिळांची पेटी आणि मी. पण इथे मी कुणाची विधवा नाही, कुणाची मावशी नाही, कुणाकडे राहायला आलेली नाही. लोक भोक पडलेलं कापड घेऊन येतात आणि धड कापड घेऊन जातात. तुमच्याकडे आले तर मी भाज्या निवडत बसेन, तू माझ्यावर माया करशील, आणि वर्षभरात मी संपून जाईन. माया नको असं नाही. पण काम हवं.

कामाचंच सांगते. गेल्या आठवड्यात बँडमास्तर आले होते, त्यांचा वाजवताना घालायचा काळा कोट घेऊन. कोपरावर कसरीने चांगलं नखाएवढं खाल्लं होतं. कोट जुना, आधीच उसवून मोठा केलेला, त्यामुळे आतल्या शिवणीत धागा उपसायला जागा नव्हती. म्हणून पेटीतल्या काळ्या रिळाने भरलं. उभे धागे, मग आडवे, एक वरून एक खालून, वडिलांनी आपल्या दोघींना शिकवलं तसं. तू शिकलीस आणि सोडून दिलंस, मी धरून बसले. तर झाल्यावर कोट दिव्याखाली धरला आणि गंमत म्हणजे मला स्वतःलाच जागा सापडेना. बोटाने चाचपून शोधावी लागली. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं. बँडमास्तर घाईत होते, न बघताच घेऊन गेले, नाहीतर त्यांनी तिथेच सलाम ठोकला असता.

बाकी विशेष नाही. दुकानातला दिवा बदलायला हवा, हे नवे दिवे फार मळकट उजेड देतात. घड्याळवाल्यांची बायको रुसली आहे. समोरच्या फुटपाथवरून हात करत होती म्हणे आणि मी ओळख दिली नाही. उन्हात उभी राहते आणि वर अपेक्षा करते.

तुझी, बिनचष्म्याची,
ताई


१८ एप्रिल

प्रिय बारके,

आशीर्वाद. तुझी पत्रं आली, दोन्ही. माझा चष्मा सुटल्याचं तू सगळ्या ओळखीपाळखीत सांगत सुटलीस असं दिसतं. एवढी दवंडी पिटायची काही गरज नव्हती.

इकडे सर्व ठीक. उन्हाळा आहे. उजेडासाठी टेबल दाराशी ओढलं, तर ऊन असं अंगावर येतं की समोरचं सगळं पांढरं धूसर होतं. म्हणून परत आत ओढलं. आत अंधार. मग मधोमध ठेवलं, तर गिऱ्हाईक अडखळतं. घड्याळवाले म्हणाले, टेबलाला चाकं लावून घ्या. त्यांना फार विनोद सुचतात.

बँडमास्तरांचा कोट परत आला. म्हणे धागा निळा आहे. भर दुपारी मैदानात वाजवायला उभे होते, तर मागच्या रांगेतला ढोलवाला हसायला लागला, साहेबांच्या कोपराला शाई लागली म्हणून. मी सांगितलं की रीळ काळ्याच्या कप्प्यातलं आहे, तेव्हा धागा काळाच असणार. रंग फसवा निघाला असेल. हल्ली कारखान्यात काय रंगवतात त्यांचं त्यांना ठाऊक. बँडमास्तर सभ्य गृहस्थ, वाद घातला नाही. कोट ठेवून गेले. ‘सवडीने बघा, ताई,’ म्हणाले. त्यांचं ते ‘सवडीने’ मला आवडलं नाही.

तेव्हापासून मी एक शिरस्ता पाडला आहे. कुठलंही कापड आलं की त्याच्याच दुमडीतून नाहीतर शिवणीतून धागा उपसायचा आणि त्यानेच भरायचं. रंग जुळवायची भानगडच नको. ज्या कापडात असा धागा निघत नाही ते घ्यायचं नाही, हाताशी काम फार आहे म्हणून सांगायचं. हल्ली बऱ्याच जणांना तसं सांगावं लागतं. तू त्याचा अर्थ काम फार आहे असाच घे.

संध्याकाळी जरा लवकर बंद करते. रस्त्यावर गाड्या वाढल्यात आणि एकेका दिव्याला असा पिसारा फुटतो की पाय कुठे टाकावा कळत नाही. परवा पायरी चुकले. गुडघा खरचटला, जास्त काही नाही, मुलाला सांगू नकोस.

घड्याळवाले मात्र हात धुऊन मागे लागले आहेत. ‘ताई, डोळे दाखवलेत का?’ रोज तेच. त्यांचं म्हणणं मोतीबिंदू असेल, आणि असेल तर पिकू द्यावा, पिकल्याशिवाय काढत नाहीत, त्यांच्या थोरल्या भावाचा असाच पिकू दिला होता. मी म्हटलं, मोतीबिंदू ज्यांना दिसत नाही त्यांना होतो. माझा चष्मा सुटलाय. यावर ते भिंग लावून आपल्या घड्याळांकडे वळले. वळायलाच हवं होतं.

खोलीला रंग दिलास असं लिहितेस. कुणी सांगितलं होतं? मी येते म्हणाले का? सूनबाईने खिडकीला पडदेही शिवले म्हणे. पडदे काढून ठेव, धूळ बसेल. आणि भिंतींचा रंग कुठला आहे ते मला कळवू नकोस.

तुझी ताई


९ जून

प्रिय बारके,

हे पत्र आधी एकटीने वाच. खाली बस आणि मग वाच.

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. परवा उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. लिहिलं एकदाचं. एवढी दोन वाक्यं लिहायला सकाळपासून दोन कागद फाडले.

कोटाचं रफू मलाच सापडेना, असं मी तुला मोठ्या ऐटीत कळवलं होतं. कोट परत आला त्या दिवशी खरं काय झालं ते मात्र कळवलं नाही. बँडमास्तरांनी कोट टेबलावर पसरला. मी म्हटलं, ‘दाखवा बघू जागा.’ मला खात्री होती की त्यांना सापडणार नाही आणि मग मी त्यांना चार शब्द ऐकवीन. त्यांनी शोधलंसुद्धा नाही, थेट बोट ठेवलं. मी खाली वाकले. अगदी नाक लावलं कापडाला. आणि त्यांच्या बोटाच्या टोकाशी मला नुसता काळा कोट दिसत होता.

रफू न दिसणं ही आपल्या कामातली सगळ्यात मोठी शाबासकी. वडील त्यासाठी जीव टाकायचे. त्यामुळे रफू दिसत नाही म्हटल्यावर मी महिनाभर स्वतःची पाठ थोपटत बसले. रफू चांगलं झालंच नव्हतं, बारके. मला दिसत नव्हतं. ही चूक करायला रफूवालीच व्हावं लागतं. शिंप्याला, सोनाराला आपलं काम दिसेनासं झालं तर तो घाबरेल. मी खूश झाले.

तरी आणखी किती दिवस काढले. का, ते तुला कळलंच असेल. तुला लिहिलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी येऊन उभी राहिली असतीस, आणि शब्द दिलेला असल्यामुळे मला नाही म्हणता आलं नसतं. दुकानाला कुलूप लागलं असतं. म्हणून मी दिव्याला नावं ठेवली, उन्हाला ठेवली, रंगाऱ्यांना ठेवली. शेवटी चहात साखर समजून मीठ घातलं आणि हे सोंग निभेनासं झालं तेव्हा घड्याळवाल्यांची बायको मला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. रुसली होती तरी.

डॉक्टरीणबाई आहे तरुण, उंच, फार कमी बोलणारी. डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बसवून ठेवलं, मग यंत्रावर हनुवटी टेकवायला लावून कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘वाचायचा चष्मा कधी सुटला?’

मी छाती पुढे काढून सांगितलं, थंडीत.

‘तेव्हाच यायला हवं होतं,’ ती म्हणाली. ‘डोळ्यात आपलं एक भिंग असतं. वय वाढतं तसं ते घट्ट होत जातं, पिवळं पडतं, गढूळ होतं. घट्ट होताना त्याचा नंबर बदलतो. म्हणून काही दिवस जवळचं चष्म्याशिवाय दिसायला लागतं. लोकांना वाटतं डोळे सुधारले. लांबचं तेव्हाच जायला लागलेलं असतं. पुढे जवळचंही जातं.’

‘म्हणजे माझा चष्मा सुटला नव्हता?’

‘नाही. मोतीबिंदू आला होता.’

बारके, मी ज्याचा डंका वाजवला तोच आजार होता. मला त्या खुर्चीत इतकी लाज वाटली की हसूच फुटलं. डॉक्टरीणबाईलाही फुटलं. मग ती मोकळेपणी बोलायला लागली. काळं आणि गडद निळं एकच का दिसतं ते सांगितलं, पिवळ्या काचेतून निळा रंग पोचतच नाही म्हणून. दिव्यांचे पिसारेही त्यातलेच. पिकू द्यायचं का, असं मी घड्याळवाल्यांच्या वतीने विचारलं. ‘पिकायला ते काय फळ आहे?’ म्हणाली. पूर्वी थांबत असत, आता थांबायचं कारण नाही. कामात अडायला लागलं की काढायचा. फार थांबलं तर उलट तो टणक होतो आणि काढायला जड जातो. थेंब घालून तो विरघळत नाही, कुणी कितीही शपथा घेतल्या तरी. रक्तातली साखर तपासायला लावली, ती ठीक निघाली. उन्हात टोपी आणि गडद चष्मा वापरा म्हणाली, तंबाखू असेल तर सोडा म्हणाली. मी म्हटलं, मी आणि तंबाखू? म्हणाली, विचारावं लागतं.

मग मुद्द्याचं आलं. जुनं भिंग काढून नवं बसवतात, आणि ते एकाच अंतराला स्पष्ट दाखवतं. बहुतेक लोक लांबचं मागतात आणि वाचायला चष्मा लावतात. ‘तुम्ही दिवसभर काय बघता?’ तिने विचारलं.

‘सुई,’ मी म्हटलं.

‘मग पुढच्या वेळी सुई घेऊन या.’

मी सुई, कापड, सगळं घेऊन गेले. तिने मला तिच्याच टेबलाशी बसवलं आणि म्हणाली, रफू करा. बाहेर लोक ताटकळत बसलेले, आणि मी आत आडवे धागे भरते आहे आणि ही बाई माझ्या डोळ्यापासून सुईपर्यंत फीत लावते आहे. ‘ताठ बसू नका,’ म्हणाली, ‘माझ्यासाठी ताठ बसताय. दुकानात बसता तशा बसा.’ मी म्हटलं, दुकानात मी कुबड काढून बसते. ‘मग काढा कुबड,’ म्हणाली. पुन्हा मोजलं. नवं भिंग त्या अंतराचं बसणार. काम उघड्या डोळ्यांनी आणि रस्त्यावर चष्मा, लोकांच्या बरोबर उलट. मला चालतं. रस्ता काय, कुणालाही दिसतो.

आता तुला जे लिहायचं टाळते आहे ते. मला भीती वाटते. सगळे म्हणतात, चहा निवेपर्यंत होऊन जातं, दुखत नाही. दुसऱ्याच्या डोळ्याबद्दल मीही असंच म्हणाले असते. डॉक्टरीणबाईने गोड गोड सांगितलं नाही. बहुतेकांचं छान होतं, क्वचित कुणाला अडचण येते, येतच नाही असं मी म्हणणार नाही, म्हणून एका वेळी एकच डोळा करायचा, असं म्हणाली. मला ते पटलं. पण रात्री अंथरुणात पडल्यावर ‘क्वचित’ एवढाच शब्द आठवतो.

नाहीच जमलं तर शब्द पाळीन. किल्ली घड्याळवाल्यांकडे ठेवली आहे. रिळांची पेटी मात्र बरोबर आणीन, तुझ्या सूनबाईने कितीही नाक मुरडलं तरी.

पत्र तुला मिळेल तोवर ऑपरेशन होऊन गेलेलं असेल. मुद्दामच तसं केलं. रागाव, भांड, काय करायचं ते कर. तू शेजारी असतीस तर मी रडले असते, आणि डॉक्टरीणबाईला त्या दिवशी डोळे कोरडे हवेत.

तुझी, घाबरलेली,
ताई


२४ ऑगस्ट

माझे लाडके बारके,

दिसतंय. सगळं दिसतंय.

दोन्ही डोळे झाले, दुसऱ्याचेही थेंब आता संपत आले. मधली दोन पत्रं मी तुला खरडली, पण ती बातमीपत्रं होती, थेंब घातले, झोपले, उठले, एवढीच. डॉक्टरीणबाईने कामाला बसायची पूर्ण मोकळीक देईपर्यंत खरं पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. गेल्या आठवड्यात दिली.

ऑपरेशनचं सांगण्यासारखं फार नाही. डोळा बधिर करतात, बाकीचा चेहरा झाकून ठेवतात, वरून पाण्यात पडलेल्यासारखा उजेड दिसतो आणि कानाशी डॉक्टरीणबाई ‘छान, छान, हलू नका’ म्हणत राहते. मी देवाचं नाव घ्यायचं ठरवलं होतं, प्रत्यक्षात सगळा वेळ पाढे म्हणत होते. तेराच्या पाढ्यात अडकले आणि ती म्हणाली, झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यावरचं झाकण काढलं. पहिल्यांदा दिसला तिचा पांढरा कोट. पांढरा म्हणजे निळसर पांढरा, नीळ घातलेल्या कपड्यासारखा. मी म्हटलं, हा कोट निळा आहे का? ती म्हणाली, पांढराच आहे, तुम्ही बऱ्याच वर्षांनी बघताय. मधल्या आठवड्यांत एकच डोळा झाला होता तेव्हा मी हाच उद्योग करत बसायचे. नवा डोळा झाकला की भिंत चहात बुडवलेली, जुना झाकला की स्वच्छ. डावा, उजवा, डावा, उजवा. घड्याळवाल्यांना वाटलं मला काहीतरी झटका आलाय.

दुकान उघडलं आणि मी दारातच खिळले. काय कळकट ठेवलं होतं मी ते! कोपऱ्यात जाळी, टेबलावरचं पांढरं कापड मातकट, दिव्याच्या काचेवर धुळीचा थर. बिचाऱ्या दिव्याला मी नावं ठेवत होते. इतकी गिऱ्हाइकं येऊन गेली, कुणी एका शब्दाने बोललं नाही. आणि आरशाचं तर विचारूच नकोस. आरशात आपली आई उभी होती, तिच्या शेवटच्या दिवसांतली. मी तिला नीट पाहून घेतलं आणि कामाला लागले.

पहिली पेटी उपसली. काळ्याच्या कप्प्यात काळ्यापेक्षा गडद निळी रिळंच जास्त, मध्ये एक जांभळंसुद्धा. सगळी मीच, माझ्या हाताने, खात्रीने ठेवलेली. कारखान्यातल्या रंगाऱ्यांची मनातल्या मनात माफी मागितली. त्यांना कळवणार मात्र नाही.

मग कोट घेतला. इतके महिने खुंटीवर होता, बँडमास्तरांनी एकदाही आठवण केली नाही, भला माणूस. मी टेबल दाराशी ओढलं, ऊन अंगावर आलं नाही, नुसतं टेबलावर पडलं. कोपर समोर धरलं आणि ते मला दिसलं. निळंशार, कोपराच्या मधोमध, ढोलवाला म्हणाला तशी शाईच. मी ते सगळं उसवलं. एकेक धागा ओढून काढला आणि प्रत्येक धाग्याला शिव्या घातल्या. मग खरं काळं रीळ घेऊन बसले, कुबड काढून, डॉक्टरीणबाईने मोजलेल्या अंतरावर. बारके, तुला काय सांगू. कापडाचा प्रत्येक धागा वेगळा दिसत होता. कुठला वर जातो, कुठला खाली दबतो, कुठे कसरीने अर्धाच कुरतडलाय. हातांना सगळं आठवत होतंच, आता डोळे त्यांच्या पुढे चालत होते. मी त्या दिवशी दुपारचं जेवले नाही आणि मला भूकही लागली नाही. आनंद झाला, फार आनंद झाला, एवढंच लिहिता येतंय.

बँडमास्तर आले. मी कोट दारात, भर उन्हात त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, ‘दाखवा जागा.’ घड्याळवालेही भिंग लावून हजर, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. बँडमास्तरांनी बोट ठेवलं. चूक. विचार करून दुसरीकडे ठेवलं. तीही चूक. घड्याळवाल्यांनी भिंगातून पाहून तिसरीच जागा सांगितली आणि ती तर दुसऱ्या बाहीवर होती.

‘ताई, बाही बदललीत का?’ बँडमास्तर म्हणाले.

मी त्यांचं बोट धरून बरोबर जागेवर नेलं. मला दिसत होतं ना. उभे, आडवे, सगळे टाके दिसत होते. त्यांना दिसत नव्हतं आणि मला दिसत होतं. आपल्या कामात हे असंच असायला हवं, आणि मधले कितीतरी महिने ते बरोबर उलट होतं. दुसऱ्या दिवशी ढोलवाला अख्ख्या बँडचे कोट घेऊन आला. सगळे काळे. मी सगळे ठेवून घेतले.

काळजी घेते आहे, ते भाषण तू करायच्या आधीच सांगते. डोळे चोळत नाही, थेंब वेळच्या वेळी घातले, झोपताना झाकण लावलं, जड काही उचललं नाही, डोक्यावरून पाणी घेतलं नाही. बाहेर जाताना गडद चष्मा लावते, घड्याळवाल्यांची बायको म्हणते सिनेमातल्या नटीसारखी दिसते. पुढेमागे भिंगाच्या मागचा पडदा धुरकट होऊ शकतो म्हणे. झाला तर लेझरने साफ करतात, त्याला घाबरायचं नसतं. वर्षातून एकदा दाखवायला जायचंच आहे. दुकान भाड्याचं, कदाचित सोडावं लागेल असं ऑपरेशनआधी मालकाच्या कानावर घातलं होतं, त्याला निरोप धाडला की मी जागा सोडत नाही. ती खोली आता तू खरंच दुसऱ्या कुणाला दे.

आणि आता तुझं पत्र.

त्यात तू माझं पोटभर कौतुक केलंस, त्याबद्दल काही म्हणत नाही. पण मधल्या पानावर तू काय काय लिहून गेलीस ते तुला तरी कळलं का? संध्याकाळी गाण्याच्या मंडळात जाणं सोडलंस, कारण समोरून येणाऱ्या दिव्यांनी काही सुचत नाही. जिना उतरताना कठडा सोडवत नाही. सूनबाई नवी साडी नेसली आणि तू तिला रोजचीच समजलीस. वयच झालं आता, असं लिहून तू खाली पूर्णविराम दिलास. तुझ्या ओळी एकमेकींवर चढल्यात, बारके. मला पूर्वी ते दिसलं नसतं. आता दिसतं.

मग मी तुझी जुनी पत्रं काढून बसले. प्रत्येकात खोली. खोलीला रंग दिला, पडदे केले, ताई तू कधी येतेस. मी समजत होते की तू माझं दुकान बंद करायला टपली आहेस. तुला माझी काळजी होती हे खरं, पण तुला हाताला धरायला कुणीतरी हवं होतं. मुलाला कळू न देता जिना उतरवणारी, तुझ्याऐवजी साडीचा रंग ओळखणारी. म्हणून तू मला बोलावत होतीस. आणि मी इकडे बसून लपवत होते, तू तिकडे. एकाच आईच्या मुली आपण, दुसरं काय होणार.

मोतीबिंदूच आहे असं मी म्हणत नाही. मी रफूवाली. दुसरंही काही असू शकतं, म्हणून तर दाखवायला हवं, आणि लवकर दाखवायला हवं. हे पत्र वाचून झालं की एक डोळा झाक आणि खिडकीतून बघ, मग दुसरा झाक. दोन्ही उघडे ठेवून फसगत होते, चांगला डोळा वाईटाचं झाकून नेतो. काय दिसलं ते मला खरं खरं कळव. मुलाला आजच सांग. तो तुझ्या हातातून फोन घेतो ना, घेऊ दे आणि मला लावू दे, मी बोलते त्याच्याशी.

मग इकडे ये. तिकडेही डॉक्टर आहेत, मला ठाऊक आहे, तिथे दाखवायचं असेल तर दाखव आणि तसं कळव, मी दुकान बंद करून तिकडे येते. हो, बंद करून. तुझ्यासाठी चार दिवस कुलूप लावायला मला काही वाटणार नाही. पण इकडे आलीस तर डॉक्टरीणबाईही विचारेल, दिवसभर काय बघता. त्याचं उत्तर तयार ठेव. गाण्याची वही बघायची आहे, नातवंडं खेळतात ते अंगण बघायचं आहे, की आणखी काही, ते तू ठरव. मुलाला विचारून ठरवू नकोस.

तुला भीती वाटेल. मला वाटली होती, आणि मी माझ्या हट्टापायी एकटी होते. तुझं तसं होणार नाही. आत नेतील तेव्हा दाराबाहेरच्या बाकावर मी बसलेली असेन, बाहेर आणतील तेव्हाही. आणि सकाळी डोळ्यावरचं झाकण काढतील तेव्हा समोर मी उभी राहणार, मुलाला नाही, सूनबाईला नाही, कुणालाही पुढे येऊ देणार नाही. मी फार म्हातारी झालेय, बारके. तुला कल्पना नाही किती. आता बघशील.

तुझी वाट बघत,
ताई